बंद सॉल्व्हंट प्लांट स्वस्तात कसा धुवावा

शेठ, पेट्रोलसारख्या हेक्झेनने सोयाबीनचं तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट बंद पडला आणि भंगारवाल्याने किलोचा भावही ठरवून टाकला. आता साफसफाईवर पैसा घालवायचं कारणच उरलं नाही. तरी गावाला लागून मिल, लोक चार प्रश्न विचारतात, म्हणून ही उजळणी.

विक्रीची सुरुवात बॉयलरपासून करा. भाव चांगला येतो, शिवाय टाक्या धुवायला वाफ कुठून आणायची हा प्रश्नच मिटतो.

मग मुहूर्त. गॅस कटरवाला आला की एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे हेक्झेनने तेल काढायच्या टाकीच्या, मॅनहोलपाशी नारळ फोडा आणि उदबत्ती तिथेच खोचा. हेक्झेन उणे 22 अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा उदबत्तीला फार वाट पाहावी लागणार नाही. ही वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर उडून जात नाही, पंपाच्या खड्ड्यात आणि केबलच्या नालीत जाऊन बसते. तुम्ही उभ्याने वास घ्या आणि ‘काहीच नाही’ म्हणा.

टाकी रिकामी आहे, हे सगळ्यांना ठासून सांगा. तळाशी लिटरभर राहिलं तर राहिलं. लिटरभर हेक्झेनची साधारण 180 लिटर वाफ होते आणि हवेत ती 1.1 टक्का झाली की ठिणगी पुरे. म्हणजे 16 हजार लिटरची टाकी उडवायला एक लिटर बास. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. मजा आहे ती रिकाम्या टाकीत. भंगारवालाही ‘काही नाही होत ना भाऊ’ म्हणेल, कारण आत तो स्वतः जाणार नसतो.

पाइपलाइनी तोडून त्यांच्या तोंडावर ब्लाइंड प्लेटा, म्हणजे बंद झाकणं, मारायचा खर्चही टाळा. व्हॉल्व्ह बंद आहे ना? जुना व्हॉल्व्ह बंद करूनही पासिंग असतो, म्हणजे आतून झिरपतो, हे फिटरला ठाऊक असतं. पण त्याचा तीन महिन्यांचा पगार तुम्ही अडवून ठेवलाय, तो कशाला तोंड उघडेल?

बॉयलर चुकून राहिलाच आणि कुणी स्टीमिंगचा हट्ट धरला, तर होजचं नोझल टाकीला तारेने न जोडता आत सोडा. वाफेच्या फवाऱ्याने स्थिर वीज तयार होते, तीही फुकट. जेवायला जाताना मॅनहोल आणि व्हेंट घट्ट लावून जा. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, पोकळी तयार होते आणि टाकी पापडासारखी चेपते. ट्रकमध्ये रचायला सोपी.

गॅस मीटर आणावाच लागला, तर मॅनहोलच्या तोंडाशी धरा, शून्य दिसताच फोटो ग्रुपवर टाका. आधी ऑक्सिजन मोजा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी, आणि तेही वर, मध्ये, तळाशी, असं सांगणारे भेटतील. नेहमीच्या मीटरच्या सेन्सरला चालायलाच ऑक्सिजन लागतो, त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो गॅस असूनही शून्य दाखवू शकतो, हेही ते सांगतील. ऐकू नका. डीटीच्या, म्हणजे ढेपेतलं हेक्झेन उडवायच्या भांड्याच्या, तळाशी कडक झालेली ढेप तर अजून सोयीची: सकाळी आकडा शून्य, आणि फावड्याने पापुद्रा फोडला की आत अडकलेलं हेक्झेन बाहेर. तोवर मीटर परत गेलेला असावा, भाडं दिवसाचं असतं.

आत उजेडासाठी 230 व्होल्टचा हॅलोजन सोडा, वायरचे जोड टेपने गुंडाळा. 1948 च्या कारखाने कायद्याने अशा टाकीत 24 व्होल्टची मर्यादा घातली, आणि ज्वालाग्राही माल काढून टाकल्याशिवाय टाकीला कटर लावू नये असंही म्हटलं. त्या लोकांना भंगाराचे भाव कुठे ठाऊक होते! आतल्या माणसाला वर ओढायला ट्रायपॉड, विंच, हार्नेस ठेवणं म्हणजे मजुरांवर अविश्वास. आतला माणूस ओ देईना, तर दुसऱ्याला उतरवा, मग तिसऱ्याला. सख्खे भाऊ कामावर असतील तर सांगावंही लागत नाही.

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या, खड्ड्याला कुजक्या अंड्यांचा वास येतोय तोवर नाक तरी शाबूत आहे. वास अचानक गेला, तर खड्डा स्वच्छ झाला असं लिहा. तो वास ज्याचा, तो विषारी हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास नाकच बधिर करतो. कॉस्टिकचं धुणपाणी रात्री नाल्यात. गिअरबॉक्सचं जळकं तेल गावात वाटून टाका. नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याची सोय आहे, पण ट्रकचं भाडं पडतं. शेडचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे कोरडेच आपटून फोडा. हेक्झेनच्या जमिनीखालच्या टाक्यांचा परवाना देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, मुख्यालय नागपुरातच आहे. इतक्या जवळच्यांना त्रास कशाला द्यायचा?

वर्क परमिटचं, म्हणजे टाकीत काम करायच्या परवानगीचं, पुस्तक मात्र चोख ठेवा. एका बैठकीत पूर्ण भरा: वेळ सकाळी 9, ऑक्सिजन 20.9, ज्वलनशील वायू 0, सगळ्या टाक्यांना, सगळ्या दिवशी. मध्ये एखाद्या पानावर पेनाची शाई तेवढी बदला.