ओरडायचं, पण पद्धतशीर

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, शपथ झाली, पेढे वाटून झाले, मतदारयादीत नावही लागलं. आता एकच संस्कार राहिलाय. ऑगस्टच्या सुट्टीत तुमचा काँग्रेसमन मतदारसंघात येईल, एखाद्या शाळेच्या जिममध्ये ‘टाउन हॉल’ भरवेल आणि आरोग्यविम्याबद्दल तुमचं मत ऐकायला आलोय म्हणून सांगेल. त्यावर विश्वास ठेवून खरंच मत घेऊन जाऊ नका. तिथे कुणी मत घेऊन येत नाही, उगाच एकटे पडाल.

ही आपल्या ग्रामसभेची अमेरिकी मावसबहीण. आपल्याकडे कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते, तिकडे कोरम फार झाला म्हणून सभा उधळते, एवढाच काय तो फरक. आणि सभा उधळण्याच्या बाबतीत आपण कुणापुढे मान खाली घालावी असं काही नाही. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जो जोडा व्यासपीठावर भिरकावला गेला, तो मराठी बनावटीचा होता असं नोंदवलेलं आहे. तेव्हा न्यूनगंड सोडा आणि कामाला लागा.

सगळ्यात आधी, विधेयक वाचू नका. वाचलं की माणूस बिघडतो, ‘तसं नाही हो’ म्हणायला लागतो आणि आवाज आपोआप खाली येतो. २००९ च्या उन्हाळ्यात ओबामांच्या आरोग्य सुधारणेचं जे विधेयक प्रतिनिधिगृहात होतं, ते हजारावर पानांचं होतं. त्यात १२३३ नावाचं एक कलम होतं. शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याबद्दल म्हाताऱ्या पेशंटला डॉक्टरशी निवांत बोलायचं असेल, तर त्या वेळेचे पैसे मेडिकेअर या म्हाताऱ्यांच्या विमा योजनेनं डॉक्टरला द्यावेत, इतकंच त्यात होतं. सक्ती नव्हती. आता सांगा, हे वाचून कुणाच्या नरड्याच्या शिरा ताणल्या जातील? त्यापेक्षा अलास्काच्या माजी राज्यपाल सारा पेलिन यांचा मार्ग सोपा. त्यांनी ७ ऑगस्टला फेसबुकवर ‘डेथ पॅनेल’ (म्हणजे कुणाला जगवायचं ते ठरवणारं सरकारी मंडळ) हे दोन शब्द लिहिले आणि सरकार म्हाताऱ्यांच्या जिवावर उठलंय ही बातमी सभांसभांत पोचली. पोलिटिफॅक्ट या संस्थेनं त्याला वर्षातलं सर्वांत मोठं खोटं ठरवलं, पण ते डिसेंबरात. ऑगस्टचं पीक तोवर घरात आलं होतं. पुढच्या मार्चमध्ये कायदा झाला, त्यात ते कलम नव्हतंच. आजही एखादा म्हातारा पेशंट मुलांना सांगत बसतो की मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, आणि मुलं म्हणतात, बाबा काहीतरीच काय बोलता. असो. हा लेख तसल्या रडक्या विषयावर नाही.

दुसरं म्हणजे, आपला विमा कोण देतं याची चौकशी करू नका. साउथ कॅरोलायनातल्या सिम्प्सनव्हिलच्या सभेत एका गृहस्थानं काँग्रेसमन बॉब इंग्लिस यांना ठणकावलं, की सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. मेडिकेअर ही १९६५ पासून सरकारनंच चालवलेली योजना. इंग्लिस यांनी अत्यंत नम्रपणे तसं सांगून पाहिलं. गृहस्थ ऐकेनात. पुढच्या वर्षी इंग्लिस स्वतःच्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत आपटले. कारणं आणखीही होती, पण समजावून सांगायची खोड असलेल्या उमेदवारांनी काय तो बोध घ्यावा. तुम्हीही सावध राहा. आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणून पाच वर्षं झाली आणि वय ६५ झालं, की हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं ना, हे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोपऱ्यात नेऊन विचारणारे तुम्हीच. सभेत गेल्यावर सरकारी आरोग्यसेवेच्या नावानं शिमगा करताना हे आठवलं तर घसा बसतो.

बसण्याची जागा महत्त्वाची. इथे मात्र मी पदरचं काही सांगत नाही, शास्त्राधार आहे. २००९ मध्येच टी पार्टी या ओबामाविरोधी उजव्या चळवळीच्या एका कार्यकर्त्याचं टिपण फिरत होतं. हॉलभर विखरून बसा, शक्यतो पुढच्या अर्ध्या भागात, म्हणजे बहुमत आपलंच आहे असं खासदाराला वाटलं पाहिजे. सुरुवातीपासून आणि वारंवार व्यत्यय आणा. उभं राहा, ओरडा, लगेच बसा. त्याला बावचळून टाकायचं, तयार करून आणलेल्या भाषणावरून घसरवायचं, हे तर स्वच्छ शब्दांत लिहिलेलं होतं. इतकं प्रांजळ लेखन राजकारणात दुर्मीळ. पुढे ट्रम्प निवडून आले तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये डेमोक्रॅट खासदारांच्या कार्यालयांत काम केलेल्या काही मंडळींनी ‘इंडिव्हिजिबल’ नावाची पुस्तिका काढली, टी पार्टीकडूनच शिकलो असं मोकळेपणी सांगून. एकेकटे किंवा दोघं-दोघं बसा, सगळ्या खोलीत पसरा, उत्तरानं समाधान होईपर्यंत माईक सोडू नका. आता खासदाराला बावचळवणं आणि त्याच्याकडून उत्तर काढून घेणं यात फरक आहे, हे मी मान्य करतो. तो फरक मागच्या रांगेत ऐकू येत नाही, हेही तितकंच खरं. फेब्रुवारी २०१७ मध्ये युटाच्या एका शाळेत रिपब्लिकन खासदार जेसन चाफेट्झ यांच्यासमोर ‘आपलं काम करा’ असा घोष लागला, तेव्हा आठ वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये टेक्सासात डेमोक्रॅट खासदार लॉइड डॉगेट यांच्याभोवती ‘नाही म्हणा’ असा गजर करणाऱ्यांना आपला वर्ग पुढे सरकल्याचं समाधान मिळालं असेल.

फलक हातानं रंगवलेला हवा, म्हणजे तळमळ दिसते. हिटलर चालतो, किंबहुना हिटलरशिवाय चालतच नाही. मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या डार्टमथला जे झालं ते लक्षात ठेवा. ओबामांना हिटलरच्या मिशा काढलेलं चित्र हातात धरून एका बाईंनी काँग्रेसमन बार्नी फ्रँक यांना विचारलं, तुम्ही या नाझी धोरणाला पाठिंबा का देता? फ्रँक स्वतः ज्यू. त्यांनी उलट विचारलं, बाई, तुमचा बराचसा वेळ कुठल्या ग्रहावर जातो? आणि वर म्हणाले, तुमच्याशी बोलणं म्हणजे जेवणाच्या टेबलाशी वाद घालणं, मला त्यात रस नाही. टाळ्या पडल्या. आपल्यासारख्यांना ते बघून आनंद होतो, मलाही झाला. पण विम्याचं काय, हा प्रश्न त्या टेबलाखालीच राहिला.

सगळ्यात मोठा धोका मात्र राजकारण्याकडून नसतो. खरोखर आजारी असलेला माणूस सभेला येतो, तो धोका. न्यू जर्सीत रेड बँकच्या शाळेत काँग्रेसमन फ्रँक पॅलोन यांच्या सभेला चाकांच्या खुर्चीवरून एक बाई आल्या. बऱ्या न होणाऱ्या आजारांनी गांजलेल्या. आजारपणाच्या खर्चापायी घर जातंय की काय, हे त्या माईकवर सांगायला लागल्या. अशा वेळी साधा माणूस गप्प बसतो, घड्याळ बघतो, फार तर खोकतो. तुम्ही तसे ढिले पडू नका. रेड बँकचे लोकही पडले नाहीत. त्यांनी बाईंच्या बोलण्यावर आरडाओरडा केला. कारण खुर्चीवरची बाई एकदा बोलून संपली की पाठोपाठ ‘डेथ पॅनेल’ म्हणायला जीभ जरा जड होते, म्हणून तिला संपवूच द्यायचं नाही. ही युक्ती टिपणात लिहिलेली नव्हती. काही गोष्टी लोकांना आपोआप सुचतात.

तुम्ही उद्या स्वतः निवडून आलात (मराठी माणूस आहे, काय सांगावं) तरी शिक्षण वाया जात नाही. ९ सप्टेंबर २००९ ला ओबामा काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत आरोग्य सुधारणेवर बोलत असताना साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार जो विल्सन बसल्या जागेवरून ओरडले, ‘खोटं बोलताय!’ प्रतिनिधिगृहानं २४० विरुद्ध १७९ मतांनी त्यांच्यावर नापसंती नोंदवली. समर्थकांनी थोड्याच दिवसांत दहा लाख डॉलरच्या वर देणग्या पाठवल्या. नापसंतीला असा भाव असतो. एप्रिल २०१७ मध्ये याच विल्सन यांनी ग्रॅनिटव्हिलला टाउन हॉल घेतला. ते आरोग्यविम्यावर बोलायला लागले आणि समोरचा जमाव त्यांचेच शब्द त्यांच्या तोंडावर फेकायला लागला, ‘खोटं बोलताय! खोटं बोलताय!’ देणगी मात्र कुणी आणली नव्हती.

उत्तरं कशी द्यावीत यासाठी आयोवाच्या सिनेटर जोनी अर्न्स्ट यांचा नमुना समोर ठेवा. मे २०२५ मध्ये पार्कर्सबर्गला मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याच्या, कपातीवर बोलणं चाललं होतं. कुणीतरी ओरडलं, माणसं मरतील! बाई म्हणाल्या, आपण सगळेच मरणार आहोत. आपल्याकडे हे कीर्तनकार सांगतो, पण तो आरोग्य खात्याचं बजेट मांडत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी माफीचा व्हिडिओ काढला, तो कबरस्तानातून. आणि एवढंही नको असेल, तर सभाच घेऊ नका. त्याच वर्षी मार्चमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रचार समितीच्या अध्यक्षांनी आपल्या खासदारांना समोरासमोरच्या सभा टाळा, फोनवरून घ्या असं सुचवलं होतं. फोनवर मतदारांचा गोंगाट नसतो, कारण कुणाची लाईन उघडायची हे तुमचा माणूस ठरवतो. सभ्यतेचा इतका खात्रीचा उपाय दुसरा सापडायचा नाही.

तरी तुम्हाला जायचंच असेल तर खुशाल जा, फक्त विम्याचं कार्ड खिशात ठेवा. सप्टेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियात थाउजंड ओक्सच्या रस्त्यावर सुधारणेच्या बाजूचे आणि विरोधातले समोरासमोर आले, शब्दाला शब्द लागला, ठोसा बसला आणि सुधारणेच्या बाजूच्या एकानं विरोधातल्या ६५ वर्षांच्या माणसाच्या करंगळीचा चक्क तुकडा पाडला, तोही दातांनी. करंगळी गेलेला तो माणूस तसाच रुग्णालयात गेला. रुग्णालयाच्या प्रवक्त्या बाईंनी पत्रकारांना सांगितलं की त्याच्याकडे मेडिकेअर होतं.