तीन मॉनिटरसाठी चालता पीसी विकू नका

नागपुरातल्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. थोडक्यात मजकूर असा: "तीन मॉनिटरवर गेम खेळायला तिप्पट ताकद लागते. जुना पीसी विकून टाका. दोन ग्राफिक्स कार्डं लावा, नाहीतर किमान 16 जीबीचं एक घ्या. 1000 वॅटचा एसएमपीएस आणि एकाच मॉडेलचे तीन नवे मॉनिटर हवेतच. प्रोसेसर कुठलाही चालतो. पैसे कमी असतील तर एचडीएमआय स्प्लिटरवर भागवा."

हे वाचून पोरं चार-पाच वर्षांचा चांगला चालता पीसी मातीमोल भावात काढतात आणि घरच्यांकडे नव्यासाठी हट्ट धरतात. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा. खालचा हिशोब बऱ्याच घरांत आहे तशा पीसीसाठी आहे: बी450 मदरबोर्ड, राइझन 5 2600, 16 जीबी रॅम आणि 24 इंची फुल एचडी मॉनिटर.

"तिप्पट ताकद लागते"

पिक्सेल तिप्पट होतात, हे खरं. 1920×1080 म्हणजे 20,73,600 पिक्सेल. असे तीन शेजारी लावले की 5760×1080, म्हणजे 62,20,800. पण एका 4के स्क्रीनचे पिक्सेल 82,94,400 होतात. म्हणजे तीन फुल एचडी मॉनिटरचं ओझं एका 4केच्या पाऊणपट आहे. शिवाय फ्रेम (पडद्यावरचं एकेक चित्र) बनवताना होणारं सगळंच काम पिक्सेलच्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे एका मॉनिटरवर 100 एफपीएस (सेकंदाला 100 फ्रेम) देणारं कार्ड तीनवर 33 वर न येता साधारण 40 ते 50 च्या घरात थांबतं.

तुमच्या गेममध्ये, तुमच्या कार्डावर नेमकं काय होईल ते एक रुपया न खर्चता घरीच कळतं, आणि ही चाचणी केल्याशिवाय सीताबर्डीच्या बाजारात पाऊल टाकू नका. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज' उघडा, 'डीएसआर फॅक्टर्स' मध्ये 3.00 वर टिक करा आणि अप्लाय दाबा. आता गेमच्या रिझोल्यूशनच्या यादीत 3325×1871 च्या आसपासचा एक आकडा वाढलेला दिसेल. गुणून बघा, तीन मॉनिटरइतकेच पिक्सेल येतात. त्यावर गेम अर्धा तास खेळा. जो एफपीएस मिळेल त्यातून दहाएक टक्के वजा करा, कारण तीन मॉनिटरवर दृश्य रुंद होतं आणि गेमला बाजूच्या जास्त वस्तू काढाव्या लागतात. एएमडीच्या कार्डावर 'व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन' चालू करून 3840×2160 (म्हणजे 4के) वर खेळा. तिथे 45 मिळाले तर तीन मॉनिटरवर 55 च्या आसपास धरायला हरकत नाही.

आकडा कमी आला तरी लगेच नवं कार्ड नको. गेममध्ये एफएसआर किंवा डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करणारी सोय) असेल तर 'क्वालिटी' वर ठेवा. मग 5760×1080 साठी कार्ड प्रत्यक्षात 3840×720 एवढंच चित्र काढतं, म्हणजे सुमारे 27.6 लाख पिक्सेल. एका फुल एचडी मॉनिटरच्या सव्वा-दीडपटीच्या मधलं हे काम आहे.

"दोन ग्राफिक्स कार्डं लावा"

हा समज कुठून आला ते सांगता येतं. 2010 मध्ये एनव्हीडियाने सराउंड (तीन मॉनिटर एका रुंद स्क्रीनसारखे जोडायची सोय) आणलं तेव्हाच्या जीफोर्स कार्डातून एका वेळी दोनच मॉनिटर चालत, म्हणून तिसऱ्यासाठी एसएलआयमध्ये (दोन कार्डं एकत्र चालवण्याच्या सोयीत) दुसरं कार्ड लागायचं. 2012 च्या जीटीएक्स 680 पासून एका कार्डावर तीन मॉनिटरचं सराउंड चालू लागलं. एएमडीचं असंच आयफिनिटी तर 2009 पासून एकाच कार्डावर होतं. एसएलआयसाठी नवे ड्रायव्हर प्रोफाइल देणं एनव्हीडियाने 2021 च्या सुरुवातीला बंद केलं. आज दुसरं कार्ड घेतलं तर ते बहुतेक गेममध्ये नुसतं गरम होत बसेल.

"किमान 16 जीबीचं कार्ड"

5760×1080 ची एक फ्रेम मेमरीत 25 एमबीच्या आत मावते. गेम अशा बऱ्याच फ्रेम आणि बफर ठेवतो, तरी ही वाढ काही शे एमबीची. मेमरी खातात ती टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं), आणि ती मॉनिटर एक असो वा तीन, जवळपास तेवढीच राहतात. 8 जीबीत टेक्श्चर 'हाय' ठेवून बहुतेक गेम चालतात. 4 जीबीच्या कार्डात मात्र अडकायला होईल.

कार्ड बदलायचंच ठरलं, तर जीबी मोजण्याआधी मागची बाजू बघा. किती पोर्ट आहेत आणि कार्ड एका वेळी किती मॉनिटर चालवतं? आरएक्स 6500 एक्सटी स्वस्त मिळतं म्हणून कुणी सुचवेल. त्याला दोनच आउटपुट आहेत आणि मेमरीही बहुधा 4 जीबी, तेव्हा या कामासाठी ते बादच. आरएक्स 6600 (8 जीबी) किंवा आरटीएक्स 3060 (12 जीबी) यांच्या बहुतेक मॉडेलांना तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतो. आमची पसंती या दोघांना, आणि सेकंडहँड मिळालं तरी चालेल. फक्त दुकानातच चारही पोर्टांना आळीपाळीने मॉनिटर लावून बघा. आधीच्या मालकाने एकच पोर्ट वापरलेला असतो. बंद पडलेला पोर्ट तुम्हाला घरी तिसरा मॉनिटर जोडताना सापडतो, आणि तोवर परत करायची मुदत गेलेली असते.

"1000 वॅटचा एसएमपीएस"

मॉनिटर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वीज घेतच नाही. त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये असते. मोजायचं ते कॅबिनेटच्या आतलं: आरटीएक्स 3060 चे 170 वॅट, राइझन 5 5600 सारख्या 65 वॅटच्या प्रोसेसरचे प्रत्यक्षात 76 पर्यंत, बाकी बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून 50. बेरीज 300 च्या आसपास. चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा 80 प्लस ब्रॉन्झ पुरून उरतो, आणि 3060 साठी एनव्हीडियाही तेवढाच सांगते.

खरा धोका कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या '450 वॅट' च्या डब्याचा आहे. त्याचं स्टिकर वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर लिहिलं असेल तर 12 गुणिले 18, म्हणजे 216 वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचं पोट याच रकान्यावर भरतं. असा डबा बदलण्यात पैसे घाला. मेसेजातल्या 1000 वॅटमध्ये नको.

तीन मॉनिटरचा फरक पडतो तो यूपीएसवर. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट झेलतो. वरचा पीसी गेममध्ये भिंतीतून 350 ओढेल, तीन मॉनिटरचे 65-70 वेगळे. वीज गेली की यूपीएस ओरडून लगेच बंद. कॅबिनेट आणि मधला मॉनिटर यूपीएसवर ठेवा, बाजूचे दोन भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. एवढ्यानेही 600 व्हीएचं भागणार नाही, 1000 व्हीए लागेल. आरएक्स 6600 घेतलं तर 600 मध्ये जेमतेम निभावतं.

"एकाच मॉडेलचे तीन नवे मॉनिटर"

मॉडेल एकच असेल तर रंग जुळतात आणि कडा एका रेषेत येतात, पण ते सक्तीचं नाही. सराउंडला तिन्हींचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (हर्ट्झ) सारखा लागतो, आणि डोळ्यांना इंच सारखे लागतात. ऑफिसमधून निघालेले 24 इंची आयपीएस मॉनिटर बाजूला छान चालतात. बाजूच्या मॉनिटरकडे आपण सरळ बघत नाही, तिरकं बघतो, म्हणून टीएन पॅनेल मात्र टाळा. कोनातून त्याचे रंग पडतात.

इथे एक गोष्ट आधीच समजून घ्या. मधला 144 हर्ट्झचा आणि बाजूचे 60 चे असतील, तर तिघांना जोडल्यावर मधलाही 60 वर येतो. व्हॅलरंटसारखा वेगवान नेमबाजीचा गेम खेळणाऱ्याला हे परवडणार नाही, आणि त्याला तीन मॉनिटर जोडून फायदाही नाही, कारण व्हॅलरंट 16:9 पेक्षा रुंद दृश्य दाखवत नाही. अशांनी गेम मधल्यावर 144 ला ठेवावा आणि बाजूला डिस्कॉर्ड, मॅप उघडावा. त्यासाठी कार्डाला ताकद जवळपास लागतच नाही. तीन मॉनिटर जोडण्याची खरी मजा ड्रायव्हिंग, ट्रक आणि विमानाच्या गेममध्ये आहे.

"प्रोसेसर कुठलाही चालतो"

4के स्क्रीनबाबत हे बरंचसं खरं, इथे नाही. 4केमध्ये दृश्य तेवढंच राहतं, फक्त बारीक होतं. तीन मॉनिटरवर दृश्य पसरतं, बाजूच्या गाड्या, झाडं, इमारती सगळं मोजावं लागतं. असेटो कोर्सामध्ये 'ट्रिपल स्क्रीन' निवडलं की गेम तीन वेगळ्या कॅमेऱ्यांतून चित्र काढतो. कडेच्या गाड्या ताणल्यासारख्या दिसत नाहीत, पण प्रोसेसरचं काम वाढतं. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर 70-75 टक्क्यांवरच घुटमळत असेल आणि फ्रेमवर मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड बदलून काही होणार नाही. बी450 वर बायोस (मदरबोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून राइझन 5 5600 बसतो. अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करा, नाहीतर स्क्रीन काळीच राहील. रॅमची एकच 16 ची पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनेल करा.

"स्प्लिटरवर भागवा"

स्प्लिटर एकच चित्र तिन्हीकडे दाखवतो. रस्ता पसरत नाही, त्याच्या तीन प्रती दिसतात. यूएसबीवरून मॉनिटर चालवणारे ॲडॅप्टरही गेमसाठी नकोत, ते चित्र प्रोसेसरकडून दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतात. मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर 'डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय' केबल घ्या. ही केबल एकाच दिशेने चालते: कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावली तर 'नो सिग्नल'. आणि तिन्ही केबल कार्डातच लावा. एक जरी मदरबोर्डच्या पोर्टात गेली तरी तो मॉनिटर सराउंडमध्ये येत नाही.

जोडणी झाली की एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'कन्फिगर सराउंड' उघडा, मॉनिटरचा क्रम जुळवा आणि बेझल करेक्शन (मॉनिटरच्या कडांची भरपाई) करा. स्क्रीनवरचा तिरका रस्ता कडेमागून सरळ जातोय असं दिसेपर्यंत आकडा वाढवायचा.

मेसेजात टेबलाचा शब्दही नाही. 24 इंची स्क्रीन 53 सेंमी रुंद असते. डोळे मधल्या स्क्रीनपासून 60 सेंमीवर असतील तर बाजूचे मॉनिटर प्रत्येकी सुमारे 48 अंश आत वळवावे लागतात. मग कडा धरून रुंदी सव्वाशे सेंमीच्या वर जाते आणि बाजूचे मॉनिटर 40 सेंमी पुढे येतात. चार फुटी टेबल पुरत नाही. पाच बाय अडीच घ्या, किंवा भिंतीवरचे आर्म लावा.

मेसेजाला एका ठिकाणी मान द्यावा लागेल: तीन 2560×1440 मॉनिटर 144 हर्ट्झवर हवे असतील तर एक कोटी दहा लाखांवर पिक्सेल होतात, 4केपेक्षाही जास्त. तिथे वरच्या पीसीचं काम नाही.

आता नागपूरचा उन्हाळा. खोलीचं तापमान जेवढं चढतं, जवळपास तेवढंच कार्डाचंही चढतं. डिसेंबरात 22 अंशांच्या खोलीत 66 वर चालणारं कार्ड नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) 39 च्या खोलीत 83 वर जाईल, आणि तीन मॉनिटरवर ते सतत पूर्ण भाराने चालतं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट 80 टक्के करा आणि मॉनिटर 60 हर्ट्झचे असतील तर फ्रेमही 60 वर बांधा. एफपीएस थोडेच जातात, अंश बरेच उतरतात. कॅबिनेट खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओल्या हवेत धूळ पंख्यांवर चिकटून बसते आणि बोअरच्या पाण्याचे क्षारही सोबत येतात. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट हवाच साचते. मेच्या सुरुवातीला एकदा कार्डाचे पंखे ब्रशने साफ करा, पंखा बोटाने धरून, म्हणजे तो उलटा फिरणार नाही.