लंघन कुणाला परवडतं?

पावसाळा सरला की आमच्या सांगलीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तापाचा वाद पेटतो. एका बाजूला 'चरकात सगळं आहे, गुळवेलीचा काढा घ्या', दुसऱ्या बाजूला 'आयुर्वेद म्हणजे थोतांड'. जर्मनीत बसून हे वाचताना वाटतं, ग्रंथ उघडून कुणी पाहिलाय का?

आयुर्वेदाचा जुना ग्रंथ चरकसंहिता, त्यात निदानस्थानाचा, म्हणजे रोग ओळखण्याच्या भागाचा, पहिलाच अध्याय ज्वराचा. तापाचा उगम दक्षयज्ञाच्या वेळी कोपलेल्या रुद्रापासून सांगितलाय, चिकित्सेत विष्णूच्या सहस्रनामाचा पाठही आहे. पण सोबत एक दिवसाआड येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक यांची नोंदही आहे. हिवतापाची चाल आपल्या वैद्यांनी नेमकी टिपली होती. डासापर्यंत मात्र ते पोचले नाहीत. तो धागा सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला 1897 मध्ये सापडला. यातलं एक सांगून दुसरं झाकणं मला पटत नाही.

उपचारात नव्या तापाला पहिलं सांगणं लंघनाचं, म्हणजे पोटाला आणि अंगाला विश्रांती देण्याचं. जड अन्न नको, कष्ट नकोत. तहान लागली तर नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ वगैरे घालून उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे षडंगपानीय. मग पातळ पेज. आणि तिथेच अपवादही दिलाय: क्षयाने, शोकाने, श्रमाने आलेल्या तापात लंघन करू नये. माणूस बघून ठरवायचं. सरसकट सगळ्यांना एकच काढा पाजणाऱ्यांनी हे वाचावं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. असे प्रश्न तपासून सुटतात, अस्मितेने नाही.

इथे जर्मनीत मला ताप आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी प्या, झोपा, उतरला नाही तर परत या. गोळ्यांची चिठ्ठी नाही, रजेचा दाखला तेवढा दिला. इथे नोकरदाराला आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो, म्हणून डॉक्टरला 'थांबा' म्हणता येतं.

तासगावच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला जाणाऱ्या गड्याला कोण थांबू देणार? ताप नेमका त्याच दिवसांत येतो. खाडा झाला की मजुरी बुडाली. तो दवाखान्यात जाऊन म्हणतो, "डॉक्टर, सुई मारा, उद्या कामावर जायचंय." मग इंजेक्शन, सलाईन, वर अँटिबायोटिक, घरी आल्यावर आईचा काढा. यात चरक कुठेच नाही, आणि रक्त न तपासता हे सगळं दिलं तर आधुनिक वैद्यकही नाही. डेंग्यू असला तर तो अंगावर काढणं जिवावर बेततं.

म्हणून मला आयुर्वेद की ॲलोपॅथी हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. गावातल्या आरोग्य केंद्रात रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी आणि टोळीतल्या मजुराला तापाच्या दिवसांची मजुरी मिळावी, यासाठी आपण भांडू. ग्रुपवर मी हेच लिहिलं. त्यावर बागाईतदार असलेल्या चुलत्यांनी विचारलं, "पैसे कुणी द्यायचे?" मी म्हटलं, थोडे तुम्ही, थोडे सरकारने.