हात जोडले नाहीत म्हणून

परवा पोरगी शाळेतून आली ती गप्पच. चौथीत आहे, साताऱ्यातलीच शाळा, नाव कशाला घेऊ. परिपाठात सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि ही नुसतीच उभी राहिली. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "तुमच्यात देव मानत नाहीत का गं?" मग मधल्या सुट्टीत व्हायचं ते झालंच.

आता काहीजण म्हणतील प्रार्थनाच तर आहे, एवढं काय. अहो मी दरवर्षी आईला लोणंदला माउलींच्या पालखीच्या दर्शनाला घेऊन जातो, मला ॲलर्जी नाहीये कशाची, पण आई स्वतःहून जाते आणि पोरीला मात्र रांगेत उभं करून देवाला हाक मारायला लावतात, फरक आहे की नाही?

आणि गंमत म्हणजे त्याच परिपाठात पोरं संविधानाची उद्देशिका म्हणतात. त्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करा असा प्रस्ताव संविधान सभेत एच. व्ही. कामतांनी १७ ऑक्टोबर १९४९ ला मांडला होता, मतदान झालं आणि ४१ विरुद्ध ६८ नी पडला. त्याच सभेतले पट्टम थानू पिल्ले तर स्वतः आस्तिक, तरी त्यांचं म्हणणं हेच की ही श्रद्धेची सक्ती होईल.

संविधानाचं कलम २८(३) वाचा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. संमती! म्हणजे शाळेनं आधी विचारायचं, आम्ही नंतर भांडत बसायचं नाही. १९८६ ला केरळातल्या तीन पोरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, राष्ट्रगीताला आदरानं उभं राहिलं पण धर्मात बसत नाही म्हणून गायलं नाही तर शाळेतून काढता येत नाही. राष्ट्रगीताला ही मुभा, मग प्रार्थनेला का नको? आमची पण गप उभीच होती की, दंगा नव्हती करत.

मंत्र्याला शपथ घेताना ईश्वराचं नाव घ्यायचं का नाही हे निवडता येतं, चौथीच्या पोरीला नाही. दाभोलकरांच्या साताऱ्यात हे चाललंय बरं का.

सोमवारी हेडसरांना भेटलो. माणूस चांगलाय, चहा पाजला. म्हणाले, "अहो, आजपर्यंत कुणी तक्रारच केली नाही." मी लेखी अर्ज दिला आणि पोहोच घेऊन आलो.