गरमी झाली म्हणून खलाशांना हाकलणार?

सकाळी आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज वाचला आणि चहा तसाच राहिला. बंदराकडे कुणाला तरी गरमी, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा सिफिलिस, झाल्याची कुजबुज, आणि खाली लगेच: 'बाहेरच्या खलाशांना खोल्या देणं बंद करा.' त्यावर अंगठेच अंगठे!

२७ वर्षं रत्नागिरीत सिस्टर म्हणून काढली. एक बाई आज डोळ्यांसमोरून हलत नाहीये. सहावा महिना, आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. सासू म्हणे, हिचाच पायगुण. आधी कुणी व्हीडीआरएल, म्हणजे गरमीसाठीची रक्ताची तपासणी, केलीच नव्हती. आम्ही केली, रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे गरमी निघाली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "सिस्टर, घोवाला सांगू नका, मारून टाकील." आणि आजार आला होता त्याच्याकडूनच!

अहो, सिफिलिसची पहिली जखम सहसा दुखतच नाही. साधारण तीन आठवड्यांनी उठते, महिनाभरात आपोआप सुकते. माणसाला वाटतं, सुटलो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. जंतू मात्र अंगातच. अशा माणसाला तुम्ही हाकललंत तर तो तपासणीला येईल की तोंड लपवेल?

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात याचीच साथ भडकली होती. कोकेनचं व्यसन, दवाखान्यांतली कपात, अशी कारणं सांगतात. आणखी एक सांगतात: जुन्या वस्त्या पाडल्या, माणसं शहरभर पांगली आणि आजारही पांगला. आणि तुम्ही खोल्या रिकाम्या करायला निघालात!

महिनोन्महिने घराबाहेर राहणाऱ्यांना धोका जास्त, बरं, मान्य. पण त्या बाईचा नवरा बाहेरचा नव्हता. आपल्याच गावचा, चांगला तांडेल, होडीवरचा मुख्य माणूस.

यावरचं औषध म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन. दुधासारखं पांढरं, दाट, सुईत अडकतं. त्या बाईने तीन सोमवार कमरेत घेतलं, हूं की चूं नाही. पण नवऱ्याला औषध नाही म्हणजे तो घरी आला की पुन्हा लागण. तिची समजूत काढली, तिनेच मग 'सांगा' म्हटलं. १ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या लागल्या, तसं त्याला बोलावून घेतलं. आधी ओरडला, "मला काय धाड भरलीय?" मग कागद हातात घेऊन बराच वेळ गप्प. हळूच विचारलं, "आधीची दोन पोरं पण यानंच?" मी म्हटलं, बहुधा. तो शर्टाची बाही वर करायला लागला. मी म्हटलं, "दंडात नाही रे, कमरेत."

तिसरं बाळ रडत जन्माला आलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सिव्हिलला अशा आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे. तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. सोमवारी मी तिथे जाणार आहे. कुणाला एकट्याने जायला लाज वाटत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, घरून घेऊन जाईन.