नवख्या घोड्याला बापाच्या नावावर पास करू नका

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या १००० मीटरच्या शर्यतीवर एक लेख वाचला. त्यात पहिल्यांदा धावणाऱ्या घोड्यांचा अंदाज लेखकाने जवळजवळ पूर्णपणे वंशावळीवर बांधला आहे. मला ते पटत नाही. बाप कोण हे महत्त्वाचं आहेच, पण एवढ्या छोट्या अंतरात पहिली गोष्ट म्हणजे शर्यत जिथून सुटते त्या गेटमधून बाहेर पडणं. ही शर्यत साधारण एका मिनिटात संपते, म्हणजे घोडा सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापतो. गेट उघडल्यावर अर्धा सेकंद जरी तो बावचळला तरी तीन लेंग्थ, म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीएवढं अंतर, गेल्या! लांबच्या शर्यतीत त्या भरून काढता येतात, इथे वेळच नसतो. म्हणून मी आधी मॉक रेसचा, म्हणजे सरावाच्या शर्यतीचा, रिपोर्ट वाचतो, आणि त्यात वेळेपेक्षा घोडा सुटताना कसा होता, जॉकीने ढकललं की तो आपसूक धावला, हे बघतो. सकाळच्या गॅलपची (सरावाच्या दौडीची) नुसती सेकंदं फसवी असतात.

दुसरं, वय. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढतं. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि एप्रिलमधलं, कागदावर दोघं सारखीच. दोन वर्षांच्या घोड्यात तीन महिन्यांचा फरक अंगावर दिसतो! रेसबुकातली जन्मतारीख जरूर पाहा.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी, घामाने निथळणारा, सारखा उसळणारा नवखा घोडा मी सोडून देतो. त्याची अर्धी ताकद तिथेच खर्च होते. लेखात पॅडॉकचा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं.