"तार नको, लाईट नको" : सोलर कॅमेऱ्याच्या त्या मेसेजचा हिशोब

दिवाळी सरली की ऊसतोडीचे कोयते निघतात, बीडमधल्या धारूर-वडवणी-पाटोद्याकडची अर्धी अर्धी गावं दाराला कुलूप लावून कारखान्यावर जातात, अन नेमका त्याच टायमाला हा मेसेज फिरायला लागतो. गावाच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर सुद्धा. मजकूर थोडा इकडंतिकडं, मुद्दे तेच: सोलर फोरजी कॅमेरा घ्या, तार लागत नाही, लाईट लागत नाही, बिल येत नाही, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) अन वायरवाले कॅमेरे भंगारात द्या, ८ मेगापिक्सेल आहे, शंभर मीटरवरचा चेहरा ओळखू येतो, १२८ जीबीच्या कार्डात महिन्याचं रेकॉर्डिंग बसतं, चोर आला की मोबाईल वाजतो. अन ज्यांच्याकडं वायरवाले आहेतच त्यांनी इन्व्हर्टरला जोडून टाका, विषय संपला.

मी परभणीकडं कॅमेरे बसवायचंच काम करतो, त्यामुळं "ह्याचं पोट दुखायलंय" असं कुणी म्हणलं तर म्हणू द्या, सोलरवाले कॅमेरे मी पण विकतो. पण खालचा हिशोब पेन घेऊन स्वतः करून बघा. माझं म्हणणं एवढंच की कॅमेरा कोणता हे नंतर, रात्री दोनला लाईट गेल्यावर तो कशावर चालणार हे आधी ठरवा, कारण त्यावरच कोणता कॅमेरा घ्यायचा हे ठरतंय.

"लाईट लागत नाही" हे पहिलं घेऊ. चोवीस तास रेकॉर्डिंग करणारा साधा आयपी (नेटवर्कवरचा) कॅमेरा, अंधारात बघायचा त्याचा आयआर दिवा धरून, ढोबळ ५ वॅट खातो, म्हणजे दिवसाला १२० वॅट-अवर (वॅट गुणिले तास). किटसोबत वहीएवढं पॅनेल येतं ते साधारण ६ ते ८ वॅटचं. ८ वॅट गुणिले चांगल्या उन्हाचे ५ तास, त्यातलं धुळीत, गरमीत, चार्जिंगमध्ये जाऊन हाती ७० टक्के धरा, झाले २८ वॅट-अवर. कुठं १२० अन कुठं २८! मग चालतो कसा? तर झोपून. तो कॅमेरा जवळपास सगळा वेळ बंद असतो, समोर अंगाची उष्णता हलली की पीआयआर सेन्सर त्याला उठवतो, मग दहा-वीस सेकंदाची क्लिप काढून परत झोपतो. पाचोळा वाजल्यावर उठणारा राखणदार समजा. उठेपर्यंत पहिला एखादा सेकंद गेलेला असतो, अन सेन्सरची पोच बहुतेक आठ-दहा मीटर. रस्त्यावरून गाडी लावून माणूस गेला तर त्याला पत्ताच नाही.

अन आपल्याकडची अजून एक भानगड, जी मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. पीआयआर हा अंग अन आजूबाजूची भिंत यांच्या तापमानातला फरक बघतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४४ वर असतो, पश्चिमेची भिंत सांच्यापर्यंत भाजत राहते, तिथं फरकच उरत नाही, मग माणूस समोरून गेला तरी सेन्सर गप्प. त्यात लिथियमच्या सेलला ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे, बरी सर्किट असली तर ती चार्जिंग थांबवते. पत्र्याखाली किंवा पत्र्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं आतलं तापमान किती असेल तुम्हीच सांगा. म्हणजे भर उन्हाळ्यात, सगळ्यात जास्त ऊन असताना, सोलर कॅमेरा चार्ज होत नाही म्हणून माणसं फोन करायलेत अन त्यांना वाटतंय पॅनेल खराब निघालं.

खरंच सोलरवर चोवीस तास चालवायचा असेल तर चालतो की, कोण नाही म्हणतंय, पण मग एका कॅमेऱ्याला कमीत कमी ४० वॅटचं पॅनेल, चार्ज कंट्रोलर, अन तीन दिवस आभाळ राहिलं तर पुरावी म्हणून १२ व्होल्ट ४२ एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी लागते. श्रावणात झड लागली तर ते पण कमीच पडेल. वर राउटर नाहीतर सिम आलं, त्याचं वेगळं. ही किंमत मेसेजमध्ये नसती.

"बिल येत नाही", बरं. ५ वॅटचा कॅमेरा महिनाभर चालला तर ३.६ युनिट. चार कॅमेरे, डीव्हीआर, राउटर मिळून ४५ वॅट धरले तरी महिन्याला साधारण ३२ युनिट, आठ-दहा रुपयांनी लावा हिशोब, तीनशेच्या आसपास. यासाठी बारा महिने पॅनेल पुसत बसायचं का ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता "तार नको". वायफाय कॅमेऱ्याला पण ॲडॉप्टरची तार लागतेच, फक्त डेटाची वाचते, हे दुकानात कुणी सांगत नाही अन घरी आल्यावर गिऱ्हाईक विचारतं, भाऊ हा बोर्डाला काहून लावायला? पण तारेचं खरं दुखणं वेगळंच आहे. गेटवरचा कॅमेरा दिवसभर झकास दिसतो अन अंधार पडला की काळा, सकाळी परत चालू. कॅमेरा बदलतात, डीव्हीआर बदलतात, काहीच फरक नाही. कारण तारेत आहे: बारा व्होल्ट घरातून निघतात, साठ मीटर लांब गेट, वायर अर्धा एमएमची, ती पण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. आयआर लागला की कॅमेरा अर्धा अँपिअर ओढतो अन जाता-येता तीनेक व्होल्ट वायरच खाऊन टाकते, कॅमेऱ्यापशी नऊच्या आत पोचतात. तो मरणारच. मीटर घेऊन रात्री कॅमेऱ्याच्या पिनवर व्होल्टेज मोजा, दोन मिनिटाचं काम आहे. उपाय म्हणजे जाड अन शुद्ध तांब्याची वायर, नाहीतर सरळ पीओई कॅमेरा. पीओईमध्ये एकाच लॅन केबलमधून डेटा पण जातो अन ४८ व्होल्टच्या आसपास पॉवर पण, त्यामुळं तेवढ्याच वॅटला करंट चौथाई लागतो अन गळती नावाला. शंभर मीटरपर्यंत केबल चालते, साध्या ८०२.३एएफ स्टँडर्डमध्ये नेटवर्क स्विच (लॅन केबली जोडायचा डबा) पोर्टला १५.४ वॅट देतो, आपल्या ५ वॅटच्या कॅमेऱ्याला रगड झालं. लॅन केबल पण तांब्याचीच घ्या, नाहीतर तिथं परत तेच. मेसेज म्हणतो वायरवाले भंगारात द्या, मी म्हणतो भंगारात द्यायचीच तर ती मुलाम्याची वायर द्या.

(वळवाच्या पावसात जिथं विजा पडतात तिथं घर ते गोठा अशी उघड्यावरून लांब केबल नेऊ नका, नेली तर अर्थिंग अन सर्ज प्रोटेक्टर लावा, नाहीतर एका कडाक्यात डीव्हीआरचे पोर्ट जातात.)

"इन्व्हर्टरला जोडून टाका" हा सगळ्यात गोड सल्ला. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, हाती ११००-१२०० येतात. नुसते कॅमेरे असते तर रात्र आरामात निघाली असती, पण त्याच बॅटरीवर दोन पंखे, बल्ब अन टीव्ही धरून अडीचशे वॅट ओढले तर चार-साडेचार तासात ती बसते, अन पंख्याबरोबर कॅमेरे पण जातात. दुसरं म्हणजे इन्व्हर्टरच्या मागचा तो बारका स्विच, ज्याच्याकडं कुणी बघत नाही. एका बाजूला यूपीएस, एका बाजूला ईको नाहीतर नॉर्मल. ईकोवर असला तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ लागतो, पंख्याला कळत पण नाही पण डीव्हीआर रिस्टार्ट होतो, परत उठायला मिनिट-दोन मिनिट, अन लाईटीची ये-जा दिवसभर चालू असली तर हार्डडिस्क लवकर मरते. मग यूपीएसवर टाका म्हणतात. टाका, पण यूपीएसवर असताना लाईट साधारण १८० ते २६० व्होल्टच्या मधी लागते. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की गावात १६०-१७० वर येती, बल्ब पिवळा होतो, अन इन्व्हर्टर समजतो लाईट गेली. लाईट असून घर बॅटरीवर! रात्री खरोखर जाते तेव्हा बॅटरीत काहीच नसतं. शेतातल्या वस्तीवर तर थ्री फेज आठ तास, तो पण कधी दिवसा कधी रात्री, तिथं इन्व्हर्टर चार्ज कधी व्हायचा हा वेगळाच विषय.

म्हणून कॅमेऱ्यांना घराच्या इन्व्हर्टरपासून तोडा. कॅमेरा, डीव्हीआर अन बहुतेक राउटर मुळातच १२ व्होल्टचे असतात, १२ चे २३० करून परत १२ करायची गरजच नाही. बॅटरी बॅकअपवाला १२ व्होल्टचा डीसी पॉवर सप्लाय मिळतो, त्याला ४२ एएचची बॅटरी लावली तर ४५ वॅटचा सगळा सेट सात तास ओढतो, तो पण एकदाही रिस्टार्ट न होता. पीओई असेल तर नेटवर्क स्विच त्याच्यावर चालेल असा बघून घ्या. जुगाड म्हणून डायरेक्ट बॅटरीच्या टोकाला कॅमेरे जोडू नका, चार्जिंग होताना तिथं १४.४ व्होल्ट असतात. राउटरची पिन ९ ची आहे का १२ ची ते पण आधी वाचा.

शंभर मीटरवरचा चेहरा? कॅमेऱ्याच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये, आयईसी ६२६७६ मध्ये, अनोळखी माणूस ओळखायचा तर एका मीटरच्या रुंदीला २५० पिक्सेल लागतात असं धरलंय. ८ मेगापिक्सेलची रुंदी ३८४० पिक्सेल, भागा २५० नं, १५ मीटर रुंदीचं चित्र. घरी लावतात ती २.८ एमएमची रुंद लेन्स असेल तर एवढी रुंदी सहा मीटरवरच भरते. २ मेगापिक्सेलला तीन मीटर. ते पण उजेडात. म्हणून सगळं अंगण दिसणारा एक मोठा घेण्यापेक्षा दारापशी चेहऱ्याच्या उंचीच्या जरासं वर एक साधा लावा, अन अंगणाला दुसरा.

कार्डाचं गणित तर पाचवीतलं पोरगं करील. रेकॉर्डिंग सेकंदाला २ मेगाबिटनं (२ एमबीपीएस) धरलं तर दिवसाचे २१.६ जीबी, १२८ जीबीला सहा दिवस पण पुरे होत नाहीत. महिना निघतो कारण कॅमेरा झोपलेला असतो, वर सांगितलंच. अन कार्ड कॅमेऱ्यातच असतं, चोरानं कॅमेरा उपटून नेला की पुरावा पण त्याच्याच पिशवीत. डीव्हीआर आतल्या खोलीत, कपाटावर, लपवून ठेवता येतो. शिवाय केस झालीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या क्लिपवर विसंबू नका, मूळ रेकॉर्डिंग जपा.

मोबाईल वाजतो हे खरं, टॉवर चालू असला तर. गावची लाईट चार-पाच तास गेली की टॉवरची बॅटरी पण उतरते, मग कॅमेऱ्याचं काय अन मोबाईलचं काय.

घेताना दोन गोष्टी. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेची तपासणी सक्तीची झालीय, तेव्हा बॉक्सवर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) नोंदणी क्रमांक नसलेला स्वस्तातला माल उचलू नका. अन पासवर्ड बसवणाऱ्यासमोर स्वतः बदला, मला पण सांगू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवलेले जगभरातले डीव्हीआर अन कॅमेरे ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाईट पाडल्या होत्या.

अन ज्यांनी ते किट घेऊनच टाकलंय त्यांनी फेकू नका. कुलूपबंद घराला, विहिरीवरच्या मोटारीला, जिथं लाईटच नाही तिथं घंटी म्हणून ते बरं काम करतंय. पॅनेल कॅमेऱ्यापासून वेगळं काढून दक्षिणेला तोंड करून वीसेक अंश तिरपं लावा, कॅमेरा सावलीत दारापासून पाच-सहा मीटरच्या आत, माणूस समोरून चालत येण्यापेक्षा आडवा जाईल अशा बाजूनं, पीआयआरला तसं लवकर कळतं. गावातल्या कुणाला तरी पंधरा दिवसाला पॅनेल पुसायला सांगून जा, अन सिमचा रिचार्ज कारखाना बंद होईपर्यंतचा एकदमच मारा.